कलीमच्या कपाटातली पुस्तके

जे खूप खपते ते चांगले असते काय? मोठ्यांच्या पुस्तकांबाबत हा प्रश्न विचारला, की फार तर दोन समीक्षकांत वाद होतो आणि चहाबरोबर संपतो. मुलांच्या पुस्तकांबाबत तोच प्रश्न विचारला, की कुठल्या तरी घरात कुठल्या तरी मुलाच्या हातातून एक पुस्तक काढून घेतले जाते. म्हणून आम्ही हा प्रश्न साहित्याचा कमी आणि नीतीचा जास्त मानतो. मुलाला जे मनापासून आवडले आहे, त्याला 'हे कचरा आहे' असे सांगण्याचा हक्क आपल्याला कोणत्या आधारावर मिळतो?

निमित्त अर्थातच हॅरी पॉटरचे. आता ते नवे राहिलेले नाही. पहिले पुस्तक १९९७ साली लंडनमध्ये निघाले, सातवे आणि शेवटचे २००७ मध्ये. ऐंशीहून अधिक भाषांत ते गेले, पन्नास कोटींहून अधिक प्रती खपल्या. भोपाळच्या मंजुल प्रकाशनाने ते मराठीत आणले. 'हॅरी पॉटर आणि परीस' हे पहिल्या भागाचे मराठी नाव. उर्दूत ते कराचीहून आले. पण वाद अजून शिळा झालेला नाही. आमच्या अहमदनगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर जिल्ह्यात, शिक्षकांच्या किंवा पालकांच्या बैठकीत मुलांच्या वाचनाचा विषय निघाला, की दोन आवाज हमखास ऐकू येतात. एक म्हणतो, यात सगळी जादू आहे, सिहर आहे, मुलांच्या हाती देऊ नका. दुसरा, जास्त शिकलेला, म्हणतो, जादूचे सोडा हो, यात साहित्य कुठे आहे? हा बाजाराचा माल आहे. गंमत अशी, की एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे हे दोघे या एका बाबतीत एकाच निकालावर येतात.

हा निकाल आपल्याकडे नवा नाही. पॉटरच्या सव्वाशे वर्षे आधी तो आपल्याच घरात लागला होता. डेप्युटी नजीर अहमद यांची 'तौबतुन्नसूह' ही कादंबरी १८७४ च्या सुमाराची. दिल्लीत पटकीची साथ येते, नसूह आजारी पडतो, त्याला कयामतच्या दिवसाचे स्वप्न पडते. बरा होतो तो बदललेला माणूस होऊन, आणि मग सारे घर सुधारायला निघतो. थोरला मुलगा कलीम शायर आहे, शौकीन आहे. तो ऐकत नाही, घर सोडून जातो. नसूह त्याच्या खोलीत शिरतो. कपाटात उर्दू-फारसी पुस्तके नीट बांधून ठेवलेली असतात: किस्से, कहाण्या, दिवाने. नसूह ती पाहतो, आणि आग लावतो.

हा प्रसंग आम्ही अनेकदा वाचला आहे आणि दर वेळी अडखळलो आहोत. नजीर अहमद काही निर्बुद्ध कर्मठ नव्हते. मुलींनी शिकावे म्हणून ज्यांनी 'मिरातुल उरूस' (१८६९) लिहिली, ते हे. इंग्रज सरकारने त्या पुस्तकाला हजार रुपयांचे बक्षीस दिले आणि दोन हजार प्रती विकत घेतल्या. म्हणजे त्या काळात लोकांना आवडणारी पुस्तके कपाटात होती, आणि लोकांनी वाचावीत अशी पुस्तके सरकार विकत घेत होते. खप दोन्हींचा होता, पण त्या दोन खपांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणखी एक गोष्ट. कलीम हे कादंबरीतले सर्वांत जिवंत पात्र आहे. नसूहची प्रवचने विसरली जातात, कलीमचा रुबाब, त्याची फजिती, त्याचा करुण शेवट लक्षात राहतो. लेखकाने ज्याची पुस्तके जाळली, त्याच्याच कपाटातून त्याने आपली कला उचललेली होती असे आम्हांला वाटते.

पुढची गोष्ट आणखी विचार करायला लावणारी आहे. मौलाना अशरफ अली थानवी यांचा 'बहिश्ती जेवर' आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असतो; लेकीच्या जहेजमध्ये तो देण्याची रीत होती. त्यात न वाचण्याजोग्या पुस्तकांची एक यादी आहे. 'दास्तान-ए-अमीर हमजा', 'अलिफ लैला', 'गुलबकावली' ही नावे त्यात यावीत, यात नवल नाही. पण त्याच यादीत नजीर अहमदांच्या कादंबऱ्याही आहेत! बुजुर्गांची बेअदबी करण्याचा आमचा हेतू नाही; त्यांच्यासमोर त्यांच्या काळाची काळजी होती. पण ज्याने दुसऱ्याचे कपाट जाळण्याची गोष्ट लिहिली, त्याचे पुस्तक पुढच्या पिढीच्या कपाटातून बाहेर काढायला सांगितले गेले. हे एकदा सुरू झाले की कुठे थांबते? २००१ च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या अलामोगोर्डो नावाच्या गावी एका चर्चने हॅरी पॉटरची पुस्तके जाळली. तिथला पाद्री आणि आपला नसूह यांची ओळख असण्याचे कारण नव्हते, तरी दोघांना काडी एकाच पेटीतली सापडली.

सिहरच्या आक्षेपाविषयी इतकेच सांगतो: सिहर करणे वेगळे आणि सिहरची गोष्ट ऐकणे वेगळे. आपल्या दादी-नानींना हा फरक कळत होता. म्हणून त्या इशाच्या नमाजीनंतर देव-परींचे, जिन्नांचे किस्से निर्धास्तपणे सांगत. यावर जास्त वेळ घालवण्याची आमची इच्छा नाही.

साहित्यवाल्यांचा आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला उडवून लावणे बरोबर नाही. अमेरिकेतले मोठे समीक्षक हॅरोल्ड ब्लूम यांनी २००० साली पहिले पुस्तक वाचून लिहिले, की लाखो ग्राहकही चुकू शकतात. भाषा गुळगुळीत झालेल्या शब्दप्रयोगांनी भरलेली आहे. कादंबरीकार ए. एस. बायट यांनी २००३ मध्ये मुलांपेक्षा मोठ्या माणसांनाच धारेवर धरले. हे जग इकडून तिकडून उचललेल्या तुकड्यांचे आहे, आणि प्रौढांनी त्यात रमावे हे बरे लक्षण नव्हे, असा त्यांचा रोख होता. आम्ही सातही पुस्तके वाचली आहेत, त्यामुळे सांगू शकतो: वाक्य म्हणून पाहिले तर रोलिंगबाईंचे वाक्य साधे आहे, कित्येकदा सपाट आहे. पानभर वाचून 'पुन्हा एकदा वाचू' असे वाटावे असे फार थोडे सापडते. कथानकाची वीण मात्र घट्ट आहे. दुसऱ्या भागात सहज पडलेली एक वही सहाव्या भागात काय होती ते कळते, तेव्हा दहा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदाच समजते, की गोष्टीत काहीही उगाच नसते. हा वाचनाचा फार मोठा धडा आहे, आणि तो सुंदर वाक्यांशिवायही देता येतो.

आता खपाचे काय? खप हा एकच शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. पहिल्या पुस्तकाची बांधीव आवृत्ती फक्त ५०० प्रतींची होती, आणि त्यातल्या बऱ्याच ग्रंथालयांत गेल्या होत्या. त्याआधी डझनभर प्रकाशकांनी ते नाकारले होते. तेव्हा जाहिरात नव्हती, सिनेमा नव्हता. मुलांनी वाचले, दुसऱ्या मुलांना सांगितले. हा खप म्हणजे वाचणाऱ्यांनी दिलेली साक्ष होती. दहा वर्षांनी, २१ जुलै २००७ रोजी, सातवे पुस्तक निघाले. मध्यरात्री रांगा लागल्या, एकट्या अमेरिकेत पहिल्या चोवीस तासांत ८० लाखांवर प्रती गेल्या. पैसे मोजले तेव्हा त्यातल्या एकानेही ते पुस्तक वाचलेले नव्हते! ती साक्ष आधीच्या सहा पुस्तकांविषयी होती, सातव्याविषयी नव्हे. तेव्हा 'इतके खपले म्हणजे चांगले असणारच' म्हणणारा आणि 'इतके खपले म्हणजे हलके असणारच' म्हणणारा, दोघेही पुस्तक न उघडता बोलतात.

आणि खप पुस्तकाचे काही करतोही. पहिला भाग इंग्रजीत सुमारे ७७ हजार शब्दांचा. पाचवा (२००३) अडीच लाखांच्या पुढे. आमच्या मते पाचव्यातले निदान एक तृतीयांश सहज कापता आले असते. पण ज्या लेखिकेच्या नावावर रात्रभर रांगा लागतात, तिच्या पानांवर कात्री कोण चालवणार? छापील पुस्तकाची लोकप्रियता ते पुस्तक गोठवते, नाहीतर फुगवते.

तोंडी गोष्टीचे उलटे असते. दहाव्या शतकात बगदादमध्ये इब्न अल-नदीम नावाचा एक किताबवाला होता. त्याने 'अल-फिहरिस्त' या नावाने त्या काळच्या अरबी पुस्तकांची मोठी यादी केली. हजार रात्रींच्या गोष्टींचे पुस्तक आपण अनेकदा पुरे पाहिले आहे असे तो सांगतो, आणि निकाल देतो, की ते नीरस आणि सुमार आहे. ही साक्ष आम्ही महत्त्वाची मानतो, कारण हा माणूस पुस्तकांत जगणारा होता, न वाचता बोलणारा नव्हता. त्याचा निकाल खोटा होता असेही आम्ही म्हणत नाही. त्याने पाहिलेले पुस्तक कदाचित सुमारच असेल. पण त्यानंतर पाचसात शतके ते पुस्तक बाजारात, कहवाखान्यात, कैरो आणि दमिश्कच्या किस्सेवाल्यांच्या जिभेवर घासत राहिले. ऐकणारा उठून गेला, की सांगणाऱ्याला त्या रात्रीच कळत असे, गोष्ट कुठे ढिली पडली ते. अल्लाउद्दीन आणि अलीबाबा तर मूळ हस्तलिखितांत नव्हतेच; हलबच्या हन्ना दियाब नावाच्या माणसाने ते १७०९ मध्ये पॅरिसला गालां या फ्रेंच भाषांतरकाराला सांगितले. लोकांच्या आवडीने इथे पुस्तकाला बिघडवले नाही, घडवले.

मराठीत त्या गोष्टी १८६१ पासून भागाभागांनी आल्या, त्या कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या लेखणीतून. संस्कृतचा गाढा पंडित 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी' इंग्रजीवरून मराठीत आणतो, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही! पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनीही या कामाला हात लावला. विसाव्या शतकात गौरी देशपांडे यांनी बर्टनच्या इंग्रजीवरून हे सारे सोळा खंडांत मराठीत आणले, अर्थात मोठ्यांसाठी. मुलांच्या वाट्याला आले ते 'चांदोबा'. १९५२ पासून मराठीत निघणारे ते मासिक साऱ्या महाराष्ट्राने वाचले, आमच्या घरांतही ते येई, आणि वेताळाच्या खांद्यावरच्या प्रश्नांनी आमच्या पिढीला न्यायाविषयी जेवढे विचार करायला लावले तेवढे नागरिकशास्त्राच्या पुस्तकाने लावले नाही. 'चांदोबा' साहित्य आहे काय, असे तेव्हा कोणी विचारले नाही. आता ते बंद पडले आहे, आणि आता मात्र त्याचे गोडवे गायले जातात.

आपला स्वतःचा ठेवा म्हणजे अमीर हमजाची दास्तान. लखनौच्या नवलकिशोर छापखान्याने १८८० नंतर ती छापायला घेतली. त्यातला 'तिलिस्म-ए-होशरुबा' मुहम्मद हुसैन जाह आणि अहमद हुसैन कमर यांनी लिहिला. सारे मिळून ४६ जाडजूड खंड झाले. इथे आपल्याच मालाला सवलत देऊन चालणार नाही. फुगवटा म्हणाल तर पॉटरचा पाचवा भाग यापुढे चिठ्ठी वाटेल. छापखाना चालत होता, लोक विकत घेत होते, म्हणून खंडामागून खंड निघाले. आणि मग शंभर वर्षे उर्दूच्या सुशिक्षितांनी ते बाजूला टाकले: बालिश, अवास्तव, अश्लील. दिल्लीचे शेवटचे दास्तानगो मीर बाकर अली १९२८ मध्ये वारले, तेव्हा कोणाला फारसे चुकल्यासारखे वाटले नाही.

निकाल फिरवला तो एका समीक्षकाने, आणि तोही अगदी साध्या उपायाने. शम्सुर रहमान फारुकी यांनी तो संच वर्षानुवर्षे शोधून जमवला आणि वाचून काढला. छेचाळीसही खंड. १९९९ पासून 'साहिरी, शाही, साहिबकिरानी' या ग्रंथात त्यांनी दाखवले, की दास्तानीला कादंबरीच्या फुटपट्टीने मोजणे मुळात गैर आहे. दास्तानीत नवीन कथा शोधणे हा गुण नसतो. ठाऊक असलेलीच गोष्ट या वेळी कशी सांगितली, यात हुनर असते. लांबी हा तिथे दोष नाही, कारण तिला संपायचेच नसते. २००५ मध्ये महमूद फारुकी यांनी ती पुन्हा मंचावर आणली, आणि उर्दू वाचता न येणारी तरुण मुले तिकीट काढून ऐकायला बसू लागली. फारुकीसाहेब २०२० मध्ये गेले. एवढा मोठा विद्वान, ज्याला मीर आणि गालिबवर लिहायला आयुष्य अपुरे होते, त्याने 'पोरासोरांच्या गोष्टी' वाचण्यात एवढी वर्षे घालवली, हे आम्हांला त्यांच्या सर्व मतांपेक्षा मोठे वाटते.

हे सारे नगरच्या मुलांशी कसे जोडले जाते? आमच्या नात्यातल्या एका घरातला प्रसंग सांगतो. मुलगी मराठी शाळेत सहावीत, घरी बोलणे दखनी. पॉटरचे मराठी पुस्तक तिने मैत्रिणीकडून आणले होते. एका संध्याकाळी ती नानांना त्यातली गोष्ट दखनीत सांगत बसली. हॅरीला एक झगा मिळतो, तो अंगावर घेतला की माणूस दिसत नाही. नाना तस्बीह थांबवून म्हणाले, "अगे, ये तो अमर अय्यार की गिलीम है!" तिला अमर अय्यार कोण ते ठाऊक नव्हते. मग नानांनी अमरची गिलीम सांगितली, त्याची जंबील सांगितली, जिच्यात सारी दुनिया मावते आणि तरी ती भरत नाही. मुलगी तिथेच म्हणाली, की नाना, सातव्या पुस्तकात हर्मायनीकडे पण अशीच थैली आहे. नानांच्या तोंडून तीस-चाळीस वर्षांत अमरचे नाव निघाले नव्हते. कोणी विचारलेच नव्हते. पुढे तिने नानांकडून हमजाही ऐकला आणि मत दिले: "हमजा सारखाच जिंकतो, अमर बरा, तो घाबरतो पण." हॅरोल्ड ब्लूम यापेक्षा फार वेगळे काय करत होते, सांगा! मत तिने तुलना करून दिले होते, आणि तुलना करता आली कारण तिच्यापुढे दोन गोष्टी होत्या. नानांनी पॉटर हिसकावून घेतला असता, तर तिच्याकडे एकही उरली नसती.

इथे आमच्यावर एक आक्षेप येईल: तर मग मुलांना काहीही वाचू द्यावे, आणि मोठ्यांनी गप्प बसावे? नाही. आम्हांला सपाट वाक्य सपाट वाटते, तर ते मुलाला सांगायला हवे. मुले एवढी नाजूक नसतात. त्यांना आवडलेल्या पुस्तकाविषयी कोणी खरे बोलले, तर ती भांडतात, आणि भांडणात पुस्तक पुन्हा उघडतात. गप्प बसणे ही आदराची गोष्ट नव्हे. बाजार तर गप्प बसत नाही. पण बोलण्याआधी दोन कामे करावी लागतात. ते पुस्तक पुरे वाचावे लागते. आणि आपण ज्याला चांगले म्हणतो ते आणून शेजारी ठेवावे लागते. 'वाचू नकोस' म्हणायला अर्धे मिनिट पुरते. 'हेही वाच' म्हणायला पुस्तक हाताशी असावे लागते.

जाता जाता नगरचीच दोन उदाहरणे. १९४२ ते १९४५ या काळात भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली. फारसी शेरांनी गच्च भरलेले ते गद्य पदवीधरांनाही दमवते. पण त्यातच कोठडीतल्या चिमण्यांची गोष्ट आहे. मौलाना आधी त्यांच्याशी लढाई करतात, मग तह करतात, मग त्यांना कलंदर, मुल्ला अशी नावे ठेवतात. उर्दू शाळेतली मुले ती हसत हसत वाचतात. आणि त्याच नगरच्या छावणीच्या गावात १६ एप्रिल १९१८ रोजी एका ब्रिटिश सैनिकाच्या घरी स्पाइक मिलिगन जन्मला. त्याने मुलांसाठी निव्वळ अर्थहीन, खुळखुळ्यासारख्या कविता लिहिल्या. त्यातली एक १९९८ मध्ये ब्रिटनच्या लोकांनी देशातली सर्वांत आवडती विनोदी कविता म्हणून निवडली. 'बॅडजेली' नावाच्या चेटकिणीची त्याची गोष्ट (१९७३) न्यूझीलंडच्या पोरांनी रेडिओवर ऐकून ऐकून पाठ केली. त्यात बोध शोधाल तर हात हलवत परत याल. नगरमध्ये त्याचे नाव किती जणांना ठाऊक असेल?

राहता राहिला पुस्तके हाताशी असण्याचा प्रश्न, आणि आमच्या मते खरी अडचण तिथेच आहे. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ चे, महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. पण शेवगाव, जामखेड, पाथर्डीच्या वाडीवस्तीवरचे मूल तिथे पोचत नाही. त्याच्यासाठी आहे शाळेतले लोखंडी कपाट. पॉटर खपतो की टिकतो हा वाद त्याच्यापर्यंत आलेलाच नाही, कारण त्याने पॉटर पाहिलेला नाही, आणि अमर अय्यारही नाही. मुलांसाठी मराठीत सांगितलेला 'होशरुबा' आम्हांला तरी कोणत्या शाळेच्या कपाटात आजवर दिसला नाही. ज्यांना उर्दू आणि मराठी दोन्ही येतात अशी माणसे महाराष्ट्रात आपल्याइतकी आणखी कोणाकडे आहेत? हे काम दुसरा कोणी येऊन करणार नाही.

कपाटात पुस्तके नसतात असे नाही. सरकारी योजनेतून आलेली असतात, कोरी, पाने न फाडलेली, नोंदवहीत क्रमांक घातलेली. एका तालुक्याच्या शाळेत आम्ही ती पाहायला मागितली. मुख्याध्यापकांनी आनंदाने होकार दिला, शिपायाला हाक मारली, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आले, की कपाटाची चावी बदली होऊन गेलेल्या गुरुजींबरोबर दोन वर्षांपूर्वीच गेली आहे.